दोन बुवांमधली जागा

माझे वडील डोंबिवलीत हरवले, तेव्हा मी देवाला हाक मारली नाही. हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी नवस बोलले असेन किंवा नामस्मरण केलं असेल. तसं काही घडलं नाही. मी घाबरले होते आणि त्या भीतीत प्रार्थनेला जागा उरली नव्हती. देवाबद्दल माझं मत तेव्हा ठाम नव्हतं, आजही फारसं ठाम नाही. जे घडलं ते क्रमाने लिहिते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आम्ही परभणीचे. माझ्या वडिलांना घरीदारी सगळे अण्णाच म्हणतात. त्यांनी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि नोकरीच्या बाहेरचं सगळं आयुष्य पखवाजाला दिलं. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारचं भजन त्यांच्याशिवाय सुरू होत नसे. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत त्यांचं विसरणं माझ्या लक्षात यायला लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते गेले, मग कधी कधी मीही जाऊ लागले. 'बाई, माझी मुलगी कधी येणार?' असं ते मला विचारत. हात मात्र काही विसरले नव्हते. जेवणाच्या ताटावर, खुर्चीच्या दांडीवर, माझ्या दंडावर ते बोल वाजवत असत, आणि तेवढा वेळ ते पूर्वीचे अण्णा असत. त्यांना जुना मधुमेह आहे. सकाळी आणि संध्याकाळी इन्सुलिन टोचावं लागतं आणि टोचल्यावर लगेच खायला द्यावं लागतं. उशीर झाला तर साखर उतरते. एकदा घरीच तसं झालं होतं. त्यांचा घामेजलेला, ओळख नसलेला चेहरा मी तेव्हा पाहिला होता आणि तो पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती.

ठाण्यातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांची सोमवारची वेळ मिळाली, म्हणून आम्ही शनिवारी डोंबिवलीला माझ्या मावसबहिणीकडे, शैलाताईकडे येऊन थांबलो. या भागात मी प्रथमच मुक्कामाला आले होते. लोक इथून पहाटे कामाला जातात आणि रात्री झोपायला परत येतात, एवढंच मी ऐकून होते. संध्याकाळी शैलाताई आम्हाला पाय मोकळे करायला घेऊन निघाली आणि माझी ती समजूत चौकापर्यंतही टिकली नाही. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तबल्याचा क्लास चालू होता. पुढे एका सोसायटीच्या सभागृहात कोणीतरी विलंबित ख्याल गात होतं आणि चपला जिन्याखालपर्यंत आल्या होत्या. वळणावर हळदीचा मांडव होता, तिथे बँडवाले वाद्यं जुळवत होते. त्याच्या समोरच्या छोट्या कॅफेत दोन मुली गिटार घेऊन स्टुलांवर बसल्या होत्या.

"हे रोज असतं?" मी विचारलं.

"शनिवार-रविवार तर असतंच," शैलाताई म्हणाली. "अगं, इथल्या माणसाला आठवडाभर बॉसचं ऐकावं लागतं. मग सुटीला जे आवडतं ते ऐकतो."

अण्णा प्रत्येक ठिकाणी थांबले. कॅफेत तर सरळ आत जाऊन बसले. गिटारवाल्या मुलीने अदबीने विचारलं, "आजोबा, काही फर्माईश?"

"चौतालात काही येतं का?"

"आजोबा, साध्या ठेक्यावर गायलो तरी शेजारचे तक्रार करतात. चौताल धरला तर घरमालक बाहेर काढेल!"

सगळे हसले. अण्णाही हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं. त्या संध्याकाळी मला वाटलं की हे गाव आपल्यासाठी चांगलं आहे.

रविवारी सकाळी मी त्यांना इन्सुलिन दिलं आणि पोहे वाढून आणायला स्वयंपाकघरात गेले. शैलाताई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेली होती आणि जिन्यात शेजारणीशी दोन शब्द बोलत उभी होती. मी ताटली घेऊन बाहेर आले तेव्हा अण्णांची खुर्ची रिकामी होती. न्हाणीघरात नव्हते, गॅलरीत नव्हते. दाराशी त्यांच्या चपला नव्हत्या. शैलाताई म्हणाली, "माझ्या मागून कोणी गेलं असतं तर मला कळलं असतं ना!" पण लिफ्ट दुसऱ्या बाजूला होती.

खाली रखवालदार पाण्याचा पंप चालू करायला मागे गेला होता. त्याने कोणाला पाहिलं नव्हतं. मी पोह्यांची ताटली हातात तशीच घेऊन फाटकापर्यंत आले होते, हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं.

त्यानंतरच्या वेळाचं वर्णन करणं अवघड आहे, कारण त्यातला बराचसा भाग मला सलग आठवत नाही. शैलाताईचे यजमान स्टेशनकडे गेले. शैलाताई पोलीस चौकीत गेली. तिथे लगेच तक्रार घेतली, फोटो घेतला आणि गस्तीच्या लोकांना पाठवला. मी रस्त्याने निघाले. वाण्याकडे, रिक्षाच्या रांगेत, देवळाच्या पायरीवर, दवाखान्याच्या दारात, सगळीकडे मी एकच प्रश्न विचारत होते. "एक आजोबा दिसले का? पांढरा सदरा, धोतर, एकटेच असतील." फोनमधला फोटो दाखवत होते. लोक फोटो नीट पाहत आणि मान हलवत. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात गिऱ्हाइकांची रांग होती. आतल्या काकूंनी पोळी लाटता लाटता फोटोकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "नाही हो ताई. एकटे आजोबा कोणी नाही आले." मी पुढे गेले.

मग मला सुचलं की अण्णा वाट विसरले असले तरी आवाज विसरले नसतील. जिथे काही वाजत असेल तिथे ते जातील. म्हणून मी कालच्या वाटेने गेले आणि मग जिथून सूर ऐकू येतील तिथे वळत गेले. आदल्या संध्याकाळी ज्या संगीताने मला सुखावलं होतं, तेच आता मला भिववत होतं. तबल्याच्या क्लासमध्ये मुलं ओळीने बसली होती. सर म्हणाले, "नाही आले इथे. पण थांबा, फोटो पाठवा मला." त्यांनी तो वाजवणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. सभागृहात आज सतारीची मैफल होती. मी दारात उभी राहून एकेक डोकं पाहिलं. पांढरं डोकं दिसलं की मी पुढे सरकायचे, मग तो चेहरा वळायचा आणि दुसऱ्याच कोणाचा असायचा. बागेत सकाळी गाणाऱ्या ज्येष्ठांचा कट्टा होता. तिथल्या एक आजी गाणं अर्धवट सोडून माझ्याबरोबर बागेच्या दुसऱ्या फाटकापर्यंत आल्या. हळदीच्या मांडवाखाली बँडवाले चहा पीत होते. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "ताई, काल आलेले तेच ना? माझ्या ढोलाला हात लावून म्हणाले, ताणून घे जरा. आज नाही दिसले." कॅफे बंद होता.

एका शहरात एवढं गाणं असू शकतं हे मला त्या सकाळी समजलं, आणि त्यातल्या कुठल्याच गाण्यात माझे वडील नव्हते. ऊन चढत होतं. इन्सुलिन टोचल्यावर त्यांच्या पोटात काही गेलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो घामेजलेला चेहरा येत होता. कुठल्या तरी जिन्याखाली, कुठल्या तरी बंद दुकानाच्या ओट्यावर ते आडवे झाले असतील आणि लोक त्यांना झोपलेला म्हातारा समजून बाजूने जात असतील. मी नाल्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं. रुळांकडे जाणाऱ्या बोळात पाहिलं. शैलाताईचा फोन यायचा तेव्हा तो उचलायची मला भीती वाटायची. ती दर वेळी एवढंच म्हणायची, "अजून नाही गं. तू काही खाल्लंस का?"

शेवटी माझे पाय चालेनात. मी परत शैलाताईच्या इमारतीच्या दिशेने निघाले होते आणि त्याच पोळी-भाजी केंद्राच्या पायरीवर बसले. आता रांग नव्हती. मी कोणाला काही विचारलं नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं. मला आठवतं ते एवढंच की मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मनात म्हटलं, आता माझ्याच्याने होत नाही. हे मी कोणाला उद्देशून म्हटलं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आतल्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. "सापडले नाहीत ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि माझं मन दुसरीकडे वळवावं म्हणून असेल, आपल्या सकाळबद्दल बोलू लागल्या. "आज रविवार म्हणजे नुसती धावपळ बघा. त्यात सकाळी सकाळी एक टेम्पो येऊन उभा. पंधरा-वीस माणसं, पेटी, टाळ, सगळा पसारा. एक जण उतरून म्हणतो, मावशी, कणकेचा गोळा द्या. म्हटलं, पोळ्या देते की. तर म्हणे पोळ्या नकोत, गोळाच हवा. दिला. तर त्यांच्यातले एक म्हातारबाबा पुढे आले, गोळा बोटाने दाबून बघितला आणि मलाच सुनावलं. यात मीठ आहे, तेल आहे, हे चालणार नाही, साधी पाण्यात भिजवून द्या. वीस वर्षं कणीक मळतेय, माझ्या कणकेला कोणी नावं ठेवली नव्हती!"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेची जाड चकती लावतात, तेव्हा त्याचा आवाज खाली उतरून घुमतो. हल्ली बरेच जण कायमची शाई बसवून घेतात. जुन्या पद्धतीचे वादक अजूनही बसण्याआधी ताजी कणीक लावतात. आमच्या घरी आई दर शनिवारी अण्णांसाठी वेगळा गोळा भिजवायची, मीठ आणि तेल न घालता.

"ते म्हातारबाबा," मी म्हटलं, "धोतरात होते?"

"हो. पांढरा सदरा." मी फोन पुढे केला. त्यांनी या वेळी तो हातात घेऊन पाहिला. "अगं बाई! हेच की. पण तुम्ही तर एकटे म्हणालात. हे एकटे कुठे होते? टेम्पोभर माणसांबरोबर होते. मला वाटलं, ह्यांचेच कोणी बुवा असतील."

मी सकाळपासून सगळ्या गावाला चुकीचा प्रश्न विचारत होते. एकट्या माणसाला शोधत होते, आणि ते एकटे नव्हतेच. मी विचारणं थांबवलं तेव्हा उत्तर आपण होऊन माझ्या शेजारी येऊन बसलं. यापेक्षा जास्त मी यावर लिहू शकत नाही.

टेम्पो कुठे गेला ते काकूंना माहीत नव्हतं. शीळफाट्याच्या रस्त्याला लागला एवढंच त्यांनी पाहिलं होतं. तो रस्ता लांब आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टोलेजंग इमारतींच्या मागे जुनी गावं दडलेली आहेत. मी रिक्षा थांबवली आणि कुठे जायचं ते मला सांगता येईना. रिक्षावाला पन्नाशीचा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मागे वळून म्हणाला, "ताई, रडताव कनाला? टेम्पोन पखवाज व्हता नं? पंधरा-वीस मानसा व्हती नं? मंग आयज आमचे आत्याचे गावान डबलबारी हाय, गावदेवीच्या देवलान. तिकरंच जातील. बसा."

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. दोघे आपापल्या साथीदारांसह समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, आणि गाता गाता एकमेकांना कोपरखळ्या मारतात. ही कोकणातली पद्धत, तिकडची माणसं इथे आली तेव्हा तीही इथे आली. मी ती ऐकून होते, पाहिली नव्हती. रिक्षावाला वाटेत त्याबद्दल सांगत होता आणि मी पिशवीत कायम ठेवलेली साखरेची पुडी मुठीत धरून बसले होते. अण्णा त्या टेम्पोत चढले हे कळलं होतं. पुढे काय झालं ते कळलं नव्हतं. टेम्पोतून ते वाटेत उतरले असले तर? देवळात गेले असले, पण पोटात काही नसताना?

मुख्य रस्ता सोडून आम्ही आत वळलो. नव्या इमारतींच्या कुंपणाला लागून जुनं तळं होतं, तळ्याच्या काठाला देऊळ, देवळासमोर पत्र्याचा मांडव. दुरूनच झांजा ऐकू येत होत्या. मांडव गच्च भरला होता. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मधे दोन बुवा आपापल्या पेट्यांमागे आणि त्यांच्या पाठीशी कोरस. गजर चालू होता. लय चढत होती आणि सगळा मांडव टाळ्यांनी हलत होता.

दोन्ही बुवांच्या बरोबर मधे, खांबाला टेकून, अण्णा बसले होते. त्यांची मान छातीवर पडली होती. डोळे मिटलेले होते. हात मांडीवर होते आणि हलत नव्हते. ज्या माणसाचा हात जेवताना थांबत नाही, त्याचा हात एवढ्या गजरात स्थिर होता.

सकाळपासूनची सगळी भीती तेव्हा एका जागी आली. मला पुढे जायचं होतं आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसांच्या रांगा होत्या. गजर चालू असताना कोणी उठत नाही, कोणी आडवं जात नाही. बायका माझा पदर ओढून खाली बसायला सांगत होत्या. मी त्यांचं न ऐकता, कोणाच्या गुडघ्यावर, कोणाच्या हातावर पाय देत पुढे गेले. अण्णांच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. गरम नव्हतं, गारही नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं नाही.

"बसा बाई," ते हळू म्हणाले. "सम येतेय."

मी बसले. साखरेची पुडी त्यांच्या हातात दिली तर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पोटावरून हात फिरवला. "नको. फार झालं." मग पुन्हा डोळे मिटून ऐकायला लागले. तेव्हा मला दिसलं की त्यांची बोटं हलत होती, फक्त टोकं, सदऱ्याच्या घडीत. ते वाजवत नव्हते. पखवाजवाल्याचा हात कुठे पडतो ते पाहत होते. मी तिथे गजर संपेपर्यंत बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. शैलाताईला 'सापडले' आणि गावाचं नाव, एवढंच लिहून पाठवलं.

गजर संपल्यावर पहिले बुवा पाणी प्यायला थांबले. ते जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. मी त्यांच्याजवळ जाऊन हात जोडले आणि सांगितलं की हे माझे वडील, यांना आठवत नाही, सकाळपासून आम्ही शोधतोय. बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या बुवांकडे पाहिलं.

"अहो, म्हणजे हे तुमचे नाय?" त्यांनी समोर विचारलं.

समोरचे बुवा किडकिडीत होते. ते म्हणाले, "माझे? माका वाटला तुमचे! तुमच्या पखवाजवाल्यावांगडा चढले ना टेम्पोत?"

"आमच्या नाय, तुमच्या!"

मग उलगडा झाला. देवळाच्या लोकांनी दोन्ही बुवांसाठी मिळून एकच टेम्पो केला होता. कणकेसाठी तो थांबला तेव्हा अण्णा रस्त्यावर होते. त्यांनी टेम्पोतला पखवाज पाहिला, कणकेत दोष काढला, आणि वादकाच्या मागून सहज आत चढून बसले. प्रत्येक पार्टीला वाटलं की हा दुसऱ्या पार्टीचा माणूस. पहिल्या बुवांचा पखवाजवाला हसत म्हणाला, "ताई, खरा सांगू? बोलणा घाटावरचा, कणकेची एवढी जाण. मी म्हटलंय, समोरच्या बुवांनी आमका पाडूक घाटावरसून कोणतरी मोठो पखवाजी हाडलो असतलो. मी घाबरान आपणहून त्यांका टेम्पोत शिरो दिलंय. वडापाव पण दिलंय. म्हटलंय, पोट भरलेला असला काय माणूस जरा सुस्त होता."

"आणि आमी?" किडकिडीत बुवा म्हणाले. "आमी इल्या इल्या त्यांका घावणे आणि चटणी वाढली. तुमचो माणूस उपाशी ऱ्हवलो, असा उद्या तुमी आमच्यावर गाणा रचशात, म्हणान!"

मांडवात हशा उसळला. मी मात्र हसू शकले नाही. मी हिशेब जुळवत होते. ते घरातून उतरले आणि लगेच कोपऱ्यावर टेम्पोत चढले. चढल्या चढल्या त्यांना खायला मिळालं. इथे आल्यावर पुन्हा मिळालं. ज्या वेळात मी ते कुठेतरी उपाशी पडले असतील असं समजत होते, त्या सगळ्या वेळात दोन अनोळखी पार्ट्या एकमेकांच्या भीतीने माझ्या वडिलांना भरवत होत्या. त्या दोघांनी एकमेकांना एकदा विचारलं असतं, तर अण्णांना रस्त्यातच उतरवलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

"मग हे कोणाचे म्हणायचे?" जाडजूड बुवांनी पेटीवर हात ठेवत मोठ्याने विचारलं. सामन्यातला सवाल टाकावा तसा त्यांचा सूर होता.

देवळाच्या पायरीवर गावातल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, हिरव्या बांगड्यांच्या. रिक्षावाला त्यांच्याच पायाशी उभा होता. ती त्याची आत्या. "तुमचे दोगांचे नाय तं देवीचे," त्या म्हणाल्या. "आमची पंगत बाकी हाय. त्यांना बसवा. आनि ह्ये पोरीला पन. सकालपासना काय खाल्ला नसल."

अण्णा पंगतीला बसले, पण त्यांनी फक्त ताक घेतलं. मी जेवले. वालाचं बिरडं, भाकरी, भात. मला त्याची चव आठवत नाही, भूक आठवते. जेवताना अण्णांनी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हळू खा, बेबी. ठसका लागेल." मला बेबी म्हणणारं आता त्यांच्याशिवाय कोणी नाही. मी खाली मान घालून जेवत राहिले.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. ते उठायला तयार नव्हते आणि मलाही त्यांना उठवावंसं वाटलं नाही. शैलाताई आणि तिचे यजमान येऊन आमच्या शेजारी बसले. दुपारनंतर किडकिडीत बुवांनी आपल्या बारीत समोरच्यांना टोमणा मारला की आमच्या पाहुण्याला वडापावावर भागवलंत. त्यावर जाडजूड बुवांनी गाऊनच उत्तर दिलं की पाहुणा आमचा होता, म्हणूनच तुमचे घावणे त्याला पचले. अण्णा दोन्हींना दाद देत होते. त्यांना कोणी वाजवायला बसवलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. आजार वाढत जाणार, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला ते माहीत होतं. देवळात त्यांना काही बरं झालं, असं मी म्हणत नाही. त्यानंतर परभणीत ते आणखी दोनदा घराबाहेर गेले, दोन्ही वेळा मी त्यांना गल्लीतच गाठलं. माझी भीती गेलेली नाही. त्यांच्या खोलीत पावलांचा आवाज थांबला की मी अजूनही उठून पाहते.

बदललं ते एवढंच. पूर्वी मला वाटायचं की अण्णांना धरून ठेवणारा या जगात एकच हात आहे आणि तो माझा आहे. तो सुटला की संपलं. त्या दिवशी तो सुटला. आणि ज्यांनी त्यांना धरलं, त्यांना आपण कोणाला धरतोय हेही ठाऊक नव्हतं. योगायोग म्हणता येईल. माझ्या शिक्षणाप्रमाणे मी तसंच म्हणायला हवं. पण त्या मांडवात बसल्यापासून माझ्या तोंडात कृपा हाच शब्द येतो, आणि तो बदलावा असं मला वाटत नाही. पोळी-भाजीच्या काकू, रिक्षावाला, दोन्ही बुवा, त्या आत्या, यांची नावंसुद्धा मी विचारली नाहीत. रोज दिवा लावताना त्यांचे चेहरे आठवते. नमस्कार कोणाला पोहोचतो ते मला माहीत नाही.

आता शनिवारी मी अण्णांना आमच्या मारुतीच्या देवळात नेते. ते पखवाजाशेजारी बसतात, मी मागे भिंतीला टेकते. पहिल्या काही शनिवारी मी त्यांच्यावरची नजर काढत नसे. आता गजर सुरू झाला की मी डोळे मिटते. मला ते सोपं जात नाही. उघडेन तेव्हा ती जागा रिकामी असू शकेल, हे मला माहीत आहे. एखाद्या दिवशी ती रिकामी असणारच आहे. तरी गजर संपेपर्यंत मी डोळे मिटून ठेवते.